चाकरमान्याचे घर अजून दूरच!

मुंबई, खास प्रतिनिधी

संध्याकाळी सात वाजून गेले की बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि अंधेरीतल्या घराघरांत एकच प्रश्न फोनवरून विचारला जाऊ लागतो : 'कुठवर आलास?' उत्तरही ठरलेले असते. 'दादर गेले', 'कुर्ल्याला थांबली आहे', 'अर्ध्या तासात पोहोचतो'. हा अर्धा तास कधी तासाचा होतो, तर कधी त्याहून मोठा. तोवर पोळ्या झाकून ठेवलेल्या असतात, मुलांचा अभ्यास आटोपलेला असतो आणि धाकटे झोपी गेलेले असते. घर आणि कुटुंब याच शहरात असूनही घरपण मात्र रविवारपुरते उरावे, ही मुंबईच्या नोकरदाराची जुनी तक्रार आहे. ती केवळ गाड्यांच्या गर्दीची तक्रार नाही. पोटासाठी घर सोडण्याच्या सुमारे दीडशे वर्षांच्या परंपरेची ती आजची आवृत्ती आहे. पूर्वी घराचे अंतर महिन्यांत मोजले जाई, आता ते तासांत मोजले जाते, इतकाच काय तो फरक!

गावाकडचे घर, मुंबईतली वळकटी

मराठीत या माणसाला फार पूर्वीच नाव मिळाले आहे, ते म्हणजे 'चाकरमानी'. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून, तसेच सातारा, सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या घाटमाथ्यावरून गिरणीत, गोदीत, रेल्वेत कामाला आलेला हा पुरुष मुंबईत राहत असला तरी त्याचे घर गावीच असे. गिरणगावातील एकेका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस जण राहत. त्यांच्या कामाच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एक जण उठून कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा पथारी पसरी. खोलीत प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी एवढाच संसार! जेवण खाणावळवालीकडे आणि पगार झाला की गावी मनीऑर्डर.

या व्यवस्थेचे प्रतिबिंब जनगणनेत स्वच्छ उमटलेले दिसते. १९६१ साली बृहन्मुंबईत दर हजार पुरुषांमागे अवघ्या ६६३ स्त्रिया होत्या. याचा अर्थ, शहरातील कित्येक पुरुष कुटुंबाविना राहत होते आणि त्यांची बायकामुले कोकणात किंवा घाटावर शेत, गुरे आणि सासू-सासरे सांभाळीत होती. गणपती, शिमगा आणि उन्हाळ्यातली लगीनसराई एवढ्याच निमित्ताने संसार एकत्र येई. ही ओढ किती तीव्र होती, याची एक दुःखद नोंद इतिहासात आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी प्राणाला मुकले. तो दिवस आषाढ अमावास्येचा होता आणि सणाला घर गाठू पाहणारे अनेक चाकरमानी त्या बोटीवर होते.

या विरहाला शब्द देणारे अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरमध्येच राहत, हे येथे मुद्दाम नमूद करायला हवे. सांगली जिल्ह्यातील वाटेगावात १९२० साली जन्मलेले अण्णाभाऊ लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत मुंबईत आले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गावोगाव गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची बायको यांची ही ताटातूट पुढे थेट मराठी मुलुखाच्या ताटातुटीशी जोडली जाते. हजारोंच्या सभेत हे रूपक समजावून सांगावे लागले नाही. कारण मैदानात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाची 'मैना' कुठल्या ना कुठल्या गावी राहिलेली होती.

गावी राहिलेल्या स्त्रीचे एकटेपण जसे होते, तसेच मुंबईतील पुरुषाच्या जेवणाचे ओझेही एका स्त्रीवरच होते. गिरणगावातील खाणावळी चालविणाऱ्या बायका दिवसातून दोन-तीन पाळ्यांसाठी रांधत आणि त्यांचे पैसे पगाराच्या दिवसापर्यंत अडकून पडत. सावकाराच्या विळख्यात सापडलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. घरापासून तुटलेल्या माणसाला जगवणारी ही यंत्रणा प्रथमच कर्जदार म्हणून बँकेच्या दारात उभी राहिली.

उपनगराने दिलेला तोडगा

बिऱ्हाड मुंबईत आणायचे तर जागा हवी. दक्षिण मुंबईत ती नव्हती. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४०च्या पातळीवर गोठविली. आधीपासून राहणाऱ्यांना त्याचा आधार झाला, मात्र भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. नव्याने संसार मांडणाऱ्याला उत्तरेकडे सरकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही वाट रेल्वेने आधीच घालून दिली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची गाडी धावली आणि ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. १९५० साली बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत, तर १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. कालपर्यंतची गावे महानगरपालिकेच्या नळ-रस्त्यांच्या कक्षेत आली.

गिरगाव, दादर, लालबागच्या चाळीत वाढलेल्या पुढच्या पिढीने मग विलेपार्ले, बोरिवली, मुलुंड येथे सहकारी सोसायट्यांत दोन खोल्या घेतल्या. या स्थलांतरामागचा हिशेब साधा होता. रोज तासभर गाडीत उभे राहायचे आणि त्या बदल्यात बायकामुलांसह एका छपराखाली राहायचे. चाकरमान्याने महिन्यांचे अंतर तासावर आणले, तेही स्वस्त मासिक पासाच्या बळावर. उपनगर हा मुंबईच्या ताटातुटीवरचा पहिला मोठा तोडगा होता आणि काही काळ तो उत्तम चालला. जनगणनेतील स्त्री-पुरुष प्रमाणही सुधारत गेले. २०११ साली मुंबई उपनगर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ८६० स्त्रिया होत्या. मैना गावाहून आली होती!

कचेऱ्या आल्या, घरे पुढे गेली

नंतरच्या काळात हा हिशेब दोन्ही बाजूंनी बिघडला.

पहिला बदल कामाच्या ठिकाणांत झाला. १९७३ साली अंधेरी पूर्वेला 'सीप्झ' हे निर्यात क्षेत्र उभे राहिले. मरोळची औद्योगिक वसाहत आणि विमानतळ परिसरही रोजगाराची केंद्रे झाली. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल, मालाडची माहिती-तंत्रज्ञान संकुले आणि पवई येथे मोठ्या कंपन्यांची कार्यालये आली. दुसरीकडे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, गिरणगावाची धुराडी एकेक करून थंडावली. एकेकाळी झोपण्यासाठी असलेले उपनगर आता काम करण्यासाठी ओळखले जाऊ लागले.

तर्काने पाहिल्यास यामुळे घर आणि कचेरी जवळ यायला हवी होती. प्रत्यक्षात उलटे घडले. जिथे कचेऱ्या आल्या तिथल्या जागांचे भाव वाढले आणि नवा संसार मांडणाऱ्याला अंधेरी, घाटकोपर काय, बोरिवली-मुलुंडही परवडेनासे झाले. तो वसई, नालासोपारा, विरारला किंवा डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरला गेला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांपर्यंत खाली आली. उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजार झाली. मात्र त्याच काळात, पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. म्हणजे उपनगराच्या चौपट भर उपनगरापलीकडे पडली.

लोकलच्या मार्गांनी या लोकांचा पाठलाग केला. १६ एप्रिल २०१३पासून चर्चगेटची उपनगरी सेवा विरारच्या पुढे थेट डहाणू रोडपर्यंत, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास गेली. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने रस्त्यावरचा तासाहून अधिकचा प्रवास २१ मिनिटांवर आणला. ही मोठीच सोय होती. पण तिचा आणखी एक परिणाम झाला. बदलापूरला घर घेऊन घाटकोपरला गाडी बदलून अंधेरीत नोकरी करणे 'शक्य' झाले. प्रवास वेगवान झाला की वाचलेला वेळ घरी मिळतो, असा समज असतो. प्रत्यक्षात घर आणखी दूर घेतले जाते आणि वाचलेला वेळ अंतर गिळून टाकते.

गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न याच गुंत्यात अडकला आहे. संपानंतर देशोधडीला लागलेल्या कामगारांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी मुंबईत जागा अपुरी पडते म्हणून बदलापूरच्याही पुढे वांगणी आणि शेलू येथे घरांची योजना पुढे आली. जुलै २०२५मध्ये कामगारांनी आझाद मैदानात आंदोलन करून मुंबईतच घरे देण्याची मागणी केली. या मागणीमागे भावनेइतकाच व्यवहार आहे. ज्याचे काम मुंबईत आहे, त्याला वांगणीला घर मिळाले तर छप्पर मिळेल, पण संध्याकाळ मिळणार नाही.

तासांचा हिशेब

संध्याकाळ म्हणजे नेमके किती तास, हे मांडून पाहण्यासारखे आहे. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत दीड तास धरला तर जाऊन-येऊन तीन तास होतात. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे धरल्यास ७५ तास, म्हणजे तीन अहोरात्रींहून अधिक. वर्षाला तीनशे दिवस धरले तर ९०० तास, म्हणजे साडेसदतीस दिवस. तीस वर्षांच्या नोकरीत याची बेरीज तीन वर्षांहून जास्त होते. गिरणीतला चाकरमानी वर्षाकाठी महिनाभर रजा काढून गावी जाई आणि तेवढा महिना घराचा असे. आजचा चाकरमानी वर्षाकाठी महिन्याहून अधिक काळ नुसता गाडीत आणि फलाटावर घालवितो.

शिवाय हे तास दिवसाच्या कोणत्या भागातून कापले जातात, यालाही महत्त्व आहे. झोप काही प्रमाणात कमी करता येते, कामाचे तास कमी करता येत नाहीत. त्यामुळे उरते ती सकाळ आणि संध्याकाळ, म्हणजे मुलांच्या शाळेपूर्वीची आणि झोपण्यापूर्वीची वेळ. विरार किंवा बदलापूरहून सकाळी सातची गाडी पकडणारा बाप आठवडाभर मुलाला झोपलेलाच पाहतो, हे विनोदाने सांगितले जाते. पण त्यात विनोद थोडाच आहे.

नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा हिशेब आणखी कठोर होतो. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७ मिनिटे. घरकामाची ही विभागणी प्रवासामुळे बदलत नाही. त्यामुळे स्त्रीला पहाटे पाचला उठून डबे भरावे लागतात आणि गाडीतून उतरल्यावर थेट ओट्यापाशी उभे राहावे लागते. संध्याकाळच्या महिला डब्यात मेथी निवडणाऱ्या, शेंगा सोलणाऱ्या प्रवासी दिसतात. त्याकडे कौतुकाने पाहिले जाते. खरे तर स्वयंपाकघर गाडीपर्यंत आले आहे, इतकाच त्याचा अर्थ. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली ही पहिली 'लेडीज स्पेशल' सुरू झाली, तेव्हा संपूर्ण गाडी भरेल इतक्या स्त्रिया रोज घर सोडून निघत आहेत, याची दखल रेल्वेने घेतली होती. त्यांच्या घरी परतण्याच्या वेळेची दखल मात्र कचेऱ्यांनी त्या प्रमाणात घेतली नाही.

ही पोकळी उपनगराने आपल्या परीने भरून काढली. मुलुंड, बोरिवली, विलेपार्ल्यात पोळी-भाजी केंद्रे उभी राहिली. पाळणाघरे निघाली. गावी राहणारे किंवा निवृत्त झालेले आजी-आजोबा नातवंडांसाठी उपनगरात आले. पूर्वी घर गावी ठेवून चाकरमानी मुंबईत येई. आता मुंबईतले घर चालावे म्हणून गावच्या घराला कुलूप लागते.

घरचा डबा आणि डबेवाल्याचे घर

घरापासून दूर असलेल्या माणसापर्यंत घर पोहोचविण्याची मुंबईची सर्वांत प्रसिद्ध युक्ती म्हणजे डबा. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायाची १९५६ साली विश्वस्त संस्था झाली. सकाळी उपनगरातील घराघरांतून गोळा केलेले डबे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या स्थानकांवर आणले जातात. झाकणावरील रंग, आकडे आणि अक्षरांच्या खुणांवरून त्यांची वर्गवारी होते. तीन-चार हात बदलून डबा जेवणाच्या सुट्टीपूर्वी टेबलावर पोहोचतो आणि संध्याकाळच्या आत रिकामा होऊन घरी परततो. या व्यवस्थेच्या अचूकतेचे जगभर कौतुक झाले. ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी २००३ साली चर्चगेटला डबेवाल्यांची भेट घेतली होती.

मात्र ही व्यवस्था निर्माण का झाली, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडतो. नोकरदाराला स्वयंपाक पूर्ण होण्याआधीच घराबाहेर पडावे लागते आणि भरल्या लोकलमध्ये डबा सांभाळणे कठीण जाते, म्हणून डबेवाला लागतो. प्रवास जितका लांब, तितका डबा मागाहून येणार.

स्वतः डबेवाला हा तर जुन्या अर्थाने चाकरमानीच आहे. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्यातील तालुक्यांतून आलेल्या डबेवाल्यांपैकी अनेकांची घरे आणि शेती अद्याप गावीच आहे. चैत्रात गावच्या जत्रांसाठी ते दरवर्षी काही दिवस सेवा बंद ठेवतात. दुसऱ्यांच्या घरचे जेवण सांभाळून नेणाऱ्याला स्वतःच्या घरचे जेवण बहुधा त्याच दिवसांत मिळते. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत लोकल थांबली, कचेऱ्या ओस पडल्या आणि डबेवाले गावी परतले. कचेऱ्या पुन्हा उघडल्या, तरी सगळे डबेवाले काही परत आले नाहीत.

आठ-अकराचे गणगोत

इतके तास गाडीत जातात म्हटल्यावर माणसे तिथेही घर मांडणारच. 'आठ-अकरा', 'सात-त्रेपन्न' अशा वेळेनेच ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांत ठरलेल्या जागांवर ठरलेली मंडळी असतात. भजनी मंडळे टाळ घेऊन गातात, दसऱ्याला डबा फुलांनी सजतो, महिला डब्यात हळदीकुंकू होते, वाढदिवसाचा केक कापला जातो. एखादा दोन दिवस दिसला नाही तर चौकशीचा फोन जातो. सोसायटीतल्या शेजाऱ्याशी होत नाही इतके बोलणे चौथ्या सीटवरच्या सोबत्याशी होते, कारण शेजारीही दुसऱ्या कुठल्या तरी गाडीत असतो.

या गणगोताला काटेरी कुंपणही आहे. विरारच्या गाडीत बोरिवलीचा प्रवासी चढला तर त्याच्याशी होणारी वादावादी पश्चिम मार्गावर नवी नाही. बसायला जागा मिळावी म्हणून उलट दिशेने शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन परतणारेही पुष्कळ. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते. दिवसाचे तीन तास उभे राहून घरी पोहोचलेल्या माणसाजवळ घरच्यांशी बोलण्याचे त्राण उरत नाही, हे प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते.

आणि कधी कधी माणूस पोहोचतच नाही. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा बळी पडलेले १८०हून अधिक प्रवासी घरी परतण्याच्या वाटेवरच होते. त्या रात्री मोबाइल लागत नव्हते आणि उपनगरातील हजारो घरांत 'कुठवर आलास' याचे उत्तर येत नव्हते. दहशतवाद हा अपवाद मानला, तरी गर्दी हा अपवाद नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्या दिवशी चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर बिगर-वातानुकूलित गाड्यांनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसविण्याची घोषणा रेल्वेला करावी लागली.

प्रवास कोणाच्या खात्यात?

घर ते कचेरी हा प्रवास खासगी की कामाचा भाग, हा प्रश्न वरवर तात्त्विक वाटतो. कमावता माणूस गेल्यावर तो अत्यंत व्यावहारिक होतो.

गाडीतून पडून मृत्यू झाल्यास रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ अन्वये वारसांना भरपाई मिळते. वैध तिकीट किंवा पास मात्र असावा लागतो. १ जानेवारी २०१७पासून मृत्यूची भरपाई चार लाखांवरून आठ लाख रुपये करण्यात आली. कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या कामगारांसाठी २०१० साली कलम ५१-ई घालण्यात आले आणि कामाशी संबंध सिद्ध झाल्यास येण्या-जाण्यातील अपघात कामावरचा अपघात मानला जाऊ लागला. विम्याच्या कक्षेबाहेरील कामगारांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला.

त्याला उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मिळाले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात २००३ साली एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटेच्या पाळीला जाताना रस्त्यावर अपघातात मरण पावला. कारखाना अजून काही किलोमीटर दूर होता. त्याच्या कुटुंबाची लढाई २२ वर्षे चालली. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वेळ, स्थळ आणि परिस्थिती पाहता प्रवासाचा कामाशी संबंध दिसत असेल, तर कर्मचारी भरपाई कायद्याखालीही असा अपघात कामाच्या ओघातलाच समजावा. अपघातापुरते का होईना, कामाला जाणे हे कामच आहे, असे कायद्याने मान्य केले. रोजच्या तीन तासांबाबत तो अजून गप्प आहे.

घरापासून दूर राहण्याला मर्यादा घालता येते, हे बोटीवरच्या नोकरीने दाखवून दिले आहे. भारताने २०१५ साली स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार खलाशाला सलग बारा महिन्यांपेक्षा कमी काळच जहाजावर ठेवता येते आणि घरी परत पाठविण्याची जबाबदारी मालकाची असते. रेल्वेच्या दारात लटकणाऱ्या कारकुनाला असा कोणताही करार नाही.

टाळेबंदीचा धडा आणि पुढचा मार्ग

या प्रश्नाला उत्तर नाही, असे २०२०पर्यंत मानले जात असे. मार्च २०२०मध्ये लोकल सर्वांसाठी बंद झाली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी, ऑक्टोबरमध्ये महिलांसाठी आणि १ फेब्रुवारी २०२१पासून वेळेची बंधने घालून सर्वसामान्यांसाठी सुरू झाली. मधल्या काळात बँका, विमा, माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील असंख्य कामे घरातून झाली. मात्र दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायकोचे काम, मुलांची शाळा आणि आजारी वडीलधारी एकत्र आल्यावर, घर जवळ असणे आणि घरी वेळ असणे या दोन भिन्न गोष्टी असल्याचेही कळले. शिवाय परिचारिका, सफाई कामगार, बस वाहक आणि दुकानातले नोकर यांना घरून काम करण्याचा पर्याय तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

तरीही काही गोष्टी हाताशी आहेत. पहिली, कचेऱ्यांच्या वेळा. सगळे एकाच वेळी निघतात म्हणून गर्दी होते. मध्य रेल्वेने २०२३ साली मुंबईतील शेकडो आस्थापनांना वेळा बदलण्याची विनंती केली आणि नोव्हेंबरपासून स्वतःच्या मुख्यालयातही वेगवेगळ्या वेळांचा पर्याय दिला. इतरांनी हा कित्ता गिरविला तर खर्च काहीच नाही.

दुसरी, पाळणाघरे. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवडे केली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पण गर्दीच्या लोकलमधून तान्ह्या मुलाला कचेरीपर्यंत नेणे शक्य आहे काय? मुंबईत पाळणाघर कचेरीशेजारी असण्यापेक्षा घराशेजारी किंवा निदान उपनगरी स्थानकाशेजारी असणे अधिक उपयोगाचे. आस्थापनांनी एकत्र येऊन अशी पाळणाघरे चालविल्यास कायद्याचा हेतू खऱ्या अर्थाने साधेल.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे कामाजवळ भाड्याची परवडणारी घरे. मेट्रोचे नवे मार्ग आले. दहिसर-अंधेरी मार्ग २०२३च्या जानेवारीत पूर्ण लांबीने सुरू झाले आणि आरे ते कफ परेड भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण झाला. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे कामही हाती घेण्यात आले आहे. या सर्वांनी प्रवास सुसह्य होईल, यात शंका नाही. परंतु प्रत्येक नव्या स्थानकाभोवती जागांचे भाव चढले आणि ज्यांच्यासाठी मार्ग बांधला तेच पुढे ढकलले गेले, तर अंतर तेवढेच राहील. मार्ग आखतानाच त्याच्या आसपास भाड्याच्या घरांसाठी जागा राखून ठेवणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या चाकरमान्याला बायकामुले मुंबईत आणायला दोन पिढ्या लागल्या. त्यांच्यासोबत रात्रीचे जेवण घेण्याची सोय करायला आणखी दोन पिढ्या लागू नयेत, एवढीच उपनगरवासीयांची अपेक्षा आहे. नियोजनाच्या आराखड्यांत किलोमीटर, डबे आणि फेऱ्या मोजल्या जातात. माणूस किती वाजता घरी पोहोचतो, हा रकानाही त्यात घालण्याची वेळ आली आहे.